केस पेपरवरचा कोरा रकाना

दार लावून घ्या आणि फोन आत ठेवा. आज केस प्रेझेंटेशन नाही. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे आणि ते ऐकायला तुम्हाला बरं वाटणार नाही.

काल ओपीडीत तिशीतला एक माणूस आला होता. "कमजोरी आहे" म्हणाला, आणि बाकीचं पडद्याआड सांगतो म्हणाला. तुमच्यातला एक जण आत गेला आणि हसू दाबत बाहेर आला. त्याने टेबलावर बसलेल्यांच्या कानात काही सांगितलं, तेही हसले. त्या माणसाने ते सगळं पाहिलं. त्याच्या केस पेपरवर 'जनरलाइज्ड वीकनेस' एवढंच लिहिलं गेलं, बी-कॉम्प्लेक्स आणि लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि पुढच्या पेशंटच्या नावाचा पुकारा झाला. मी इथे कुणाचं नाव घेणार नाही, कारण अपराध एकाचा नाही. त्या टेबलावरच्या एकानेही उठून त्याला परत बोलावलं नाही.

तुम्ही का हसलात, ते मी सांगते. पुढे काय विचारायचं हे तुम्हाला माहीत नव्हतं. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं तर तुम्ही हसत नाही, कारण तिथे पुढचे दहा प्रश्न तुम्हाला पाठ आहेत. भूक, झोप, शौच, लघवी, व्यसन हे सगळं तुम्ही हिस्टरीत लिहिता. त्याच्या खालचा लैंगिक आरोग्याचा रकाना मी कालपासून तुमच्या केस पेपरांवर शोधते आहे. एकजात सगळे कोरे. साडेचार वर्षं शिकून तुम्ही डॉक्टर झालात, आणि पुरुषांच्या इतक्या सर्रास आढळणाऱ्या तक्रारीपुढे तुमची जीभ टाळूला चिकटते.

आधी ऐकायला शिका. आपल्याकडचा पेशंट 'माझं वीर्यस्खलन वेळेआधी होतं' असं म्हणत नाही. तो म्हणतो, कमजोरी आहे. धात जाते. झोपेत जातं. लवकर होतं. पाणी पातळ झालंय. ही पाच वाक्यं म्हणजे एकच तक्रार नव्हे, आणि तुम्ही त्या सगळ्यांना एकाच गोळीत गुंडाळता.

'धात जाते' म्हणणाऱ्या मुलाला वाटत असतं की लघवीतून, झोपेतून किंवा हस्तमैथुनातून आपलं सत्त्व वाहून चाललंय. कंबर दुखते, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आतून अपराधी वाटत राहतं. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं, आणि पुढे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही ते आलं. या तक्रारीखाली पुष्कळदा नैराश्य किंवा चिंतारोग दडलेला असतो. तुम्ही तो शोधलात का? त्याची लघवी तपासलीत का? लघवीला पांढुरकेपणा फॉस्फेटमुळेही येतो, हे त्याला कुणी सांगितलं का? रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, असं त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्याला चित्र काढून दाखवा. वीर्याचा साधारण दोन तृतीयांश भाग वीर्यकोशांतून येतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेटमधून. शुक्रजंतूंचा वाटा शेकड्यात जेमतेम दोन ते पाच. शुक्रजंतू तयार व्हायला दहाएक आठवडे लागतात आणि ते काम रात्रंदिवस चालूच असतं. स्वप्नावस्थेत वीर्य गेल्याने शरीराचं काहीही बिघडत नाही. हे समजावायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं तुम्ही दिली नाहीत, तर तो मुलगा पुढची दहा वर्षं घाबरत काढेल.

आणि तो कुठे जाईल? एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतीवर काय रंगवलेलं असतं, ते रोज वाचत तुम्ही कॉलेजात येता. तुम्ही जे विचारत नाही, ते तिथला जाहिरातवाला विचारतो. तो पेशंटला आत बोलावतो, पडदा ओढतो आणि गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकून घेतो. त्या ऐकण्याचे तो पाच-दहा हजार रुपये मोजून घेतो. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. औषध नियमांच्या शेड्यूल 'जे' मध्ये शीघ्रपतनाचं नाव आहे. ते बरं करतो असा दावा कुठल्याही औषधावर छापता येत नाही. तरी भिंती रंगलेल्या आहेत, कारण तिथे जाणारी माणसं आपल्या दारातून परतलेली असतात. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांमध्ये तपासणीत सिल्डेनाफिल वारंवार सापडलं आहे. ज्याला छातीत दुखतं म्हणून आपणच नायट्रेट चालू केलंय, त्याने अशी पुडी घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. काही जण मित्राच्या सांगण्यावरून ट्रॅमाडॉल घेतात. त्याने स्खलन लांबतं हे खरं, पण सवय लागते, फिट येऊ शकते. म्हणून तर २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. या माणसांना मूर्ख म्हणण्याआधी स्वतःला विचारा, ते आधी कुणाकडे आले होते?

आता विषयाकडे या. स्खलन ही दोन टप्प्यांची क्रिया आहे. पहिल्या टप्प्यात वीर्य मागच्या मूत्रमार्गात जमा होतं. ते सिंपथेटिक मज्जातंतूंचं काम, आणि त्याच वेळी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं. दुसऱ्या टप्प्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकुंचन पावून वीर्य बाहेर टाकतात. ते प्युडेंडल मज्जातंतूचं काम. शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात हे लिहून तुम्ही मार्क मिळवलेत. ते पेशंटसमोर का आठवत नाही? मूत्राशयाचं तोंड मिटलं नाही तर काय होईल, मज्जातंतू मधुमेहाने निकामी झाले तर काय होईल, मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं तर काय होईल, या तीन प्रश्नांतच निम्मी ओपीडी उलगडते.

'लवकर होतं' म्हणणाऱ्यापासून सुरुवात करू. पहिला प्रश्न: लवकर म्हणजे किती? इंटरनॅशनल सोसायटी फॉर सेक्शुअल मेडिसिन या संस्थेच्या व्याख्येप्रमाणे, पहिल्या अनुभवापासून योनिप्रवेशानंतर साधारण एका मिनिटाच्या आत किंवा प्रवेशाआधीच स्खलन होत असेल, तर ते पहिल्यापासूनचं शीघ्रपतन. आधी सगळं ठीक होतं आणि नंतर ही वेळ तीन मिनिटांच्या आत आली असेल, तर ते नंतर जडलेलं. पण मिनिटं पुरत नाहीत. त्याला थांबवता येत नाही, आणि त्याचा त्याला त्रास होतो किंवा तो जवळीकच टाळू लागला आहे, हेही दिसायला हवं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या सुमारे पाचशे जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून वेळ मोजली. मध्यक निघाला ५.४ मिनिटं. मोबाइलवरच्या फिल्म पाहून अर्धा तास हा हिशेब धरणाऱ्या मुलाला हा आकडा सांगा. पुष्कळांना औषधाची गरजच नसते. सहा-सात मिनिटांचा माणूस स्वतःला आजारी समजून बसलेला असतो.

दुसरा प्रश्न: हे पहिल्यापासून आहे की आता सुरू झालं? आता सुरू झालं असेल तर कारण शोधायचं. लिंगाला ताठरता टिकत नाही म्हणून तो घाईने उरकतो आहे का? तसं असेल तर आधी ताठरतेचा इलाज, आणि चाळिशीच्या पुढे असेल तर साखर, रक्तदाब आणि हृदयही तपासायचं. हात थरथरतात, वजन उतरलंय, छाती धडधडते? थायरॉइड पाहा. थायरॉइड वाढल्याने आलेलं शीघ्रपतन थायरॉइडच्या उपचाराने बरंच सुधारतं. ओटीपोटात दुखतं, लघवीला जळजळ होते? प्रोस्टेटची सूज असू शकते. या तीन गोष्टी न पाहता तुम्ही शीघ्रपतनाची गोळी लिहिलीत, तर भिंतीवरच्या जाहिरातवाल्यात आणि तुमच्यात फरक उरत नाही.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. १९५६ मध्ये जेम्स सीमन्स यांनी 'थांबा आणि पुन्हा सुरू करा' ही पद्धत मांडली. स्खलनाच्या जवळ आल्याची जाणीव ओळखायची, थांबायचं, ओसरू द्यायचं, पुन्हा सुरू करायचं. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये त्यात दाब देण्याची पद्धत जोडली. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम बारा आठवडे नेमाने केल्यास काहींना फायदा होतो. लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम आधी लावून पुसून टाकायचं किंवा कंडोम वापरायचा. हे सांगितलं नाहीत तर बायकोलाही बधिरपणा येतो. गरजेपुरती घ्यायची गोळी म्हणजे डॅपॉक्सेटिन: संबंधाच्या एक ते तीन तास आधी, चोवीस तासांत एकदाच, दारूबरोबर कधीच नाही. ती लिहिण्याआधी हृदयविकार विचारा, कधी चक्कर येऊन पडलाय का विचारा, बसून आणि उभा करून रक्तदाब घ्या, नैराश्याच्या इतर गोळ्या चालू आहेत का पाहा. पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालीन रोज घेतल्यानेही स्खलन लांबतं, पण त्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात आणि कोवळ्या वयात जपून द्यायच्या असतात. मूल हवं असलेल्या जोडप्याचा वेगळा विचार करायचा. बहुतेकदा गोळी आणि सराव एकत्र दिलेले बरे. औषधाने वेळ मिळते, आणि सरावाने आत्मविश्वास परत येतो.

आता ज्याचं लवकर होत नाही, उशिरा होतं किंवा होतच नाही, त्याच्याकडे या. इथे माझा राग जास्त आहे, कारण ही तक्रार पुष्कळदा आपण, डॉक्टरांनीच निर्माण केलेली असते. नैराश्यासाठी तुम्ही एस्सिटॅलोप्राम लिहिता. त्याने स्खलन लांबू शकतं, बंदही होऊ शकतं. तुम्ही सांगत नाही. पेशंटला वाटतं आपण संपलो, आणि तो मनाने गोळी सोडतो. मग नैराश्य उलटतं आणि तुम्ही केस पेपरवर लिहिता, 'पेशंट औषध नियमित घेत नाही'. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन दिल्यावर वीर्य कमी येतं किंवा येतच नाही. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच पुरुषांत वीर्य मूत्राशयाकडे वळतं. हे संमतिपत्रावर सही घेण्याआधी बोलायचं असतं. साठीच्या माणसाला याचं काय, असं वॉर्डात मी ऐकलं आहे. त्या माणसाच्या शरीराचं काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? दारू, थायरॉइड कमी असणं, टेस्टोस्टेरॉन कमी असणं, जुना मधुमेह, मणक्याची दुखापत, एकाच विशिष्ट पद्धतीने केलेल्या हस्तमैथुनाची पक्की सवय, यांनीही स्खलन लांबतं. प्रत्येक कारणाचा प्रश्न वेगळा आहे, आणि प्रत्येक प्रश्न विचारता येतो. मणक्याची दुखापत झालेल्यांनाही कंपनयंत्राने किंवा विद्युत उत्तेजनेने वीर्य मिळवून मूल होऊ शकतं. त्याला 'आता काही होणार नाही' असं सांगून घरी पाठवणारा डॉक्टर माझा विद्यार्थी म्हणून चालणार नाही.

आणि हे नीट लिहून घ्या. मूल होत नाही म्हणून जोडपं येतं. तपासण्या कुणाच्या सुरू होतात? तिच्या. सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांची तपासणी, मग दुर्बीण. सासरी तिला काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तशाच घरांत तुमच्यातले कित्येक वाढले आहेत. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातलाही दोष कारणीभूत असतो. त्यातला एखादा मधुमेही असतो, आणि त्याला परमोच्च क्षण येतो पण बाहेर काहीच येत नाही किंवा थेंबभर येतं. तो हे कुणाला सांगत नाही. तुम्ही विचारत नाही. वीर्य मागे मूत्राशयात जात असेल, तर ते कळायला कोणतं महागडं यंत्र लागतं? आधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायला सांगा, स्खलनानंतरची लघवी घ्या, सेंट्रिफ्यूज करा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. शुक्रजंतू दिसले की उत्तर मिळालं. मूत्राशयाचं तोंड मिटायला मदत करणारी औषधं काहींना लागू पडतात. नाही पडली, तर त्याच लघवीतून शुक्रजंतू वेगळे करून गर्भधारणेसाठी वापरता येतात. जी तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते, ती तुम्ही लाजेपोटी केली नाहीत, म्हणून एका बाईच्या पोटावर दुर्बिणीची छिद्रं पडतात. याला मी लाज म्हणत नाही. याला मी हलगर्जीपणा म्हणते.

वीर्यात विशी-तिशीत एकदाच दिसलेलं रक्त बहुतेकदा निरुपद्रवी असतं; तरी तपासा आणि धीर द्या. पुन्हा पुन्हा येत असेल किंवा चाळिशी उलटली असेल, तर रक्तदाब, प्रोस्टेट, आणि आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही डोक्यात असू द्या. स्खलनाच्या वेळी दुखत असेल तर प्रोस्टेटची सूज पाहा, चालू असलेल्या गोळ्या पाहा.

मुलींनो, तुम्ही मान खाली घालून बसला आहात म्हणून तुम्हाला वेगळं सांगते. पुरुष पेशंट बाईला सांगत नाही, ही सबब माझ्यापुढे चालणार नाही. मी बाई आहे. मला पुरुषांनी सांगितलं आहे, शेतकऱ्यांनी, पोलिसांनी, शिक्षकांनी. सरळ विचारलं की माणूस सरळ सांगतो. तुमचा आवाज चाचरला की त्याचाही चाचरतो. आणि मुलग्यांनो, कालचं हसू तुमचं होतं, हे विसरू नका. लग्नानंतर यातली एखादी तक्रार घेऊन तुमच्यातलाही कुणी असाच डॉक्टरपुढे बसेल. तेव्हा टेबलापलीकडचा माणूस कसा असावा असं तुम्हाला वाटेल, तसे आजच व्हा.

तेव्हाच्या मुंबई इलाख्यात रघुनाथ धोंडो कर्वे नावाचे गणिताचे प्राध्यापक होऊन गेले. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. ते डॉक्टर नव्हते. त्यांच्याकडे तुमच्यासारखा पांढरा कोट नव्हता, सरकारी पगार नव्हता, कायद्याचं संरक्षण नव्हतं. तरी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं त्यांनी सोडलं नाही. तुमच्यावर कोण खटला भरणार आहे? पडद्याआड पेशंटशी बोलायला तुम्हाला कुणाची बंदी आहे?

तेव्हा कसं विचारायचं ते ऐका, आणि शब्द न् शब्द तसाच विचारा. "मधुमेहात बऱ्याच जणांना संबंधाच्या वेळी अडचण येते, तुम्हाला येते का?" "ही गोळी घेतल्यावर वीर्य यायला उशीर होऊ शकतो. तसं झालं तर गोळी सोडू नका, मला येऊन सांगा." "लवकर होतं म्हणजे साधारण किती वेळात? पहिल्यापासून की आता?" "दोघांना त्याचा त्रास होतो का? पुढच्या वेळी पत्नीलाही घेऊन याल?" यात एकही अश्लील शब्द नाही. बायकोला बोलवायचं ते गुन्हेगार म्हणून नव्हे. तिचाही त्रास ऐकून घ्यायचा आहे, आणि ज्या सरावाचं मी सांगितलं, तो दोघांनी मिळून करायचा असतो.

आजपासून प्रत्येक मधुमेही पुरुषाच्या, नैराश्याची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असलेल्या प्रत्येकाच्या आणि मूल हवं असलेल्या प्रत्येक जोडप्याच्या केस पेपरवर तो रकाना भरलेला मला दिसला पाहिजे. तक्रार नसेल तर 'विचारलं, तक्रार नाही' असं लिहा. 'जनरलाइज्ड वीकनेस' हे निदान मी यापुढे स्वीकारणार नाही. कमजोरी कसली, ते लिहायचं. कालच्या माणसाचा नंबर रजिस्टरमध्ये आहे. पडद्याआड गेला होता त्यानेच आज दुपारी त्याला फोन करायचा, माफी मागायची आणि परत बोलवायचं. तो येणार नाही म्हणाला, तर पुन्हा करायचा.

दोन महिन्यांनी तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जाल. तिथे तुमच्या मागे मी नसेन, युरोलॉजिस्ट नसेल, मानसोपचारतज्ज्ञ नसेल. पंचवीस गावांच्या पुरुषांना हे बोलायला तुमच्याखेरीज कुणी नसेल. म्हणून उद्यापासून ओपीडीत मी तुमच्या खुर्चीमागे उभी राहणार आहे. हा प्रश्न विचारताना ज्याचा आवाज खाली जाईल, त्याला तो मी पुन्हा विचारायला लावीन, आणि तो नीट विचारता येईपर्यंत कुणाच्याही इंटर्नशिपच्या कागदावर माझी सही होणार नाही.